चौदा शेळ्यांची गोधडी

नर्मदाबाईच्या लोखंडी ट्रंकेतून एकतीस साड्या निघाल्या. वैष्णवीनं त्या ओसरीवर तीन ढिगांत मांडल्या. पहिल्या ढिगात सिंथेटिक, एकोणतीस. दुसऱ्यात लग्नातला शालू, एक. तिसऱ्यात सुती, तीही एकच, आणि तिचा अर्धा भाग चुलीपाशी फडकं होऊन कधीच संपलेला. याशिवाय डांबराच्या गोळ्या चार आणि तळाशी एक पाल, वाळून कागद झालेली.

"झालं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"झालं. सुती अर्धी."

"नीट बघ. माझं हिरवं लुगडं होतं."

"माय, ते तू भांडेवालीला दिलंस. मी होते की तवा."

नर्मदाबाईला आठवलं. हिरवं लुगडं, दोन सुती पातळं आणि नवऱ्याचं, अंगदचं, धोतर देऊन तिनं झाकणाचा स्टीलचा डबा घेतला होता. डबा फळीवर चकाकत होता. त्यात ठेवावं असं काही अजून घरात आलेलं नव्हतं.

ही सगळी शोधाशोध चंदासाठी होती. चंदा थोरली लेक, देवगाव फाट्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती सोनपेठजवळच्या या वस्तीवर माहेरी आली होती. दोन्ही घरांत रीत अशी, की कोऱ्या कापडावर बाळ निजवायचं नाही. बाळाची गोधडी माहेरानं शिवायची, आणि तीही माहेरच्यांनी अंगावर घालून झिजवलेल्या कापडाची. बारशाला सासू येणार, गोधडी बघणार आणि मग सून-नातवंडाला घेऊन जाणार. चंदाची थोरली जाऊ पिंकी, तिच्या माहेरानं सहा वर्षांपूर्वी परभणीहून फुलाफुलांची चादर विकत आणून दिली होती. चादर दोन वर्षांत विरून गेली, पण पिंकीला घरात अजून 'बाजारची' म्हणत. भाजी खारट झाली, बाजारची. म्हैस आटली, बाजारची. टीव्हीला चित्र येईना, तरी सासूची नजर आधी पिंकीकडं जायची.

"माय, मला ते जलमभर ऐकायचं न्हाई," चंदा म्हणाली. आठवा सरत आला होता, आणि ती हे रोज एकदा तरी म्हणायची.

अंगदला हा सगळा घोर फुकटचा वाटत होता. तो शेळ्यांचा माणूस. गोधडीपेक्षा लेंड्यांकडं बघून त्याला जगाचं जास्त कळायचं.

"चादर आणा दुकानातून," तो म्हणाला. "सुती आणा. पाचसात बारी धुवा, उन्हात टाका. कोण वळखतंय?"

"ईनबाई वळखतेत," नर्मदाबाई म्हणाली. "त्यांचं नाक लय तिखट हाय."

तरी वैष्णवी परभणीला जाऊन चादर घेऊन आली. वैष्णवी धाकटी, केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालेली, सध्या घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. म्हणजे घरातलं कुठलंही काम सांगायला मोकळी. चादरीच्या पुड्यावर 'शंभर टक्के कॉटन' असं छापलेलं होतं. वैष्णवीनं कडेचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, चिमूटभर राख होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळा टणक मणी तयार झाला.

"प्लास्टिक," वैष्णवी म्हणाली.

चंदानं मणी हातात घेऊन पाहिला. "मंग बाळ क्यारीबॅगातच निजवा की. तेवढाच पैका वाचंल."

नर्मदाबाई वस्तीवरची घरं फिरून आली. कुणाकडं जुनं सुती निघेना. तीच भांडेवाली घरोघर येऊन गेली होती. वस्तीत डबे पुष्कळ होते. शेवटी सोनपेठच्या बाजारातून तीन कोरी सुती पातळं आली: एक निळं, एक तांबडं, एक पोपटी. ती इतकी ताठ होती, की ओसरीवर उभी केली असती तर उभी राहिली असती.

"आता रोज धू," अंगद म्हणाला.

"नुसतं धुऊन जुनं होत न्हाई. अंगावर झिजावं लागतं. बसता-उठता, निजता, काम करता."

नर्मदाबाईनं निळं पातळ नेसायला सुरुवात केली. वैष्णवीला आकडा हवा होता. तिनं कापडाची एक पट्टी टेबलावर ठेवून कडेबाहेर हळूहळू सरकवत नेली. ताठ कापड बरंच बाहेर जाईपर्यंत तसंच राहतं, मऊ कापड लगेच मान टाकतं. कोऱ्या पातळानं सहा सेंटिमीटरवर मान टाकली. ट्रंकेतल्या अर्ध्या जुन्या साडीनं अडीचवर. आठवडाभर नेसल्यानंतर निळं पातळ साडेपाचवर आलं.

"या हिशोबानं एका पातळाला पावणेदोन महिने," वैष्णवी म्हणाली. "तिघांनी तीन नेसली तरी तेवढेच."

"बाळाला सांगा थोडं दम धर म्हणून," चंदा म्हणाली.

तरीही तांबडं पातळ अंगदकडं आलं. पहिल्या दिवशी त्यानं ते लुंगीसारखं गुंडाळलं आणि शेळ्या घेऊन निघाला. रस्त्यावरच्या टपरीवर चार माणसं चहा पीत होती.

"अंगदराव, वहिनीनं दिलं का तुमी न इचारता घेतलं?"

"थंडी हाय."

"थंडीला काठपदर लागतंय व्हय?"

अंगद पुढं गेला, पण कानशिलं तापली होती. नाल्यापाशी त्यानं आजूबाजूला पाहिलं, पातळ सोडलं आणि हौसाच्या पाठीवर टाकून पोटाखाली गाठ मारली. हौसा ही कळपातली पुढारीण शेळी. ती दोन दिवस खोकत होती, आणि थंडीत शेळ्यांवर गोणपाट टाकायची पद्धत होतीच. हे जरा भारीतलं गोणपाट, एवढंच. हौसानं एकदा मागं वळून स्वतःकडं पाहिलं. मग बाभळीच्या खोडाला अंग घासलं, बांधावरून उडी मारली, धुळीत लोळली, दुसऱ्या खोडाला दुसरी बाजू घासली. दिवसभर हेच.

संध्याकाळी नर्मदाबाईनं पातळ पाहिलं आणि नवऱ्याला काय बोलावं याची ती जुळवाजुळव करू लागली. तोवर वैष्णवीनं काठाची पट्टी टेबलावरून सरकवली. पट्टीनं पाचवर मान टाकली.

"एका दिवसात एक सेंटिमीटर," ती म्हणाली. "मायला आठ दिवसांत अर्धा."

नर्मदाबाईनं पातळाची घडी घातली. तिला वाईट वाटलं ते पातळाचं नव्हे. आपण घरात दिवसभर राबतो, आणि शेळी आपल्यापेक्षा जास्त राबती हे असं टेबलावर मोजून निघालं, त्याचं.

"पण ते घरच्या माणसाच्या अंगावर झिजाया पायजे," ती म्हणाली.

"घरच्यांच्या," अंगद म्हणाला. "रीतीत माणूस हा शब्द कुठं हाय?"

कुणालाच तो आठवेना. चंदानंही मनातल्या मनात रीत दोनदा म्हणून पाहिली. शब्द 'माहेरचे' असाच होता.

तीन पातळांचे प्रत्येकी पाच तुकडे झाले. चौदा तुकडे चौदा शेळ्यांना: बारा शेळ्या, दोन बोकड. पंधरावा वैष्णवीनं तुलनेसाठी अंगदच्या कमरेला ठेवला, आणि टपरीकडून जायचं टाळून तो त्यानं निमूट वागवला. सकाळी कळप निघायचा तेव्हा निळी, तांबडी, पोपटी अशी मिरवणूकच दिसायची. मोटारसायकली थांबायच्या. एकानं विचारलं, निवडणुकीला कोण उभं आहे. एका म्हातारीनं देवाच्या शेळ्या समजून हौसाला हात जोडले. आणि शेजारची सारजाबाई रोज कुंपणावरून एकदा तरी विचारायचीच, "नर्मदे, लगीन कुणाकडनं हाय? मुलाकडनं का मुलीकडनं?"

काही नुकसान झालंच. धाकट्या बोकडानं पुढच्या शेळीचा पोपटी तुकडा दोन वितींएवढा खाल्ला. पण बाकीचे तुकडे रोज मऊ होत गेले, आणि पंधरवड्यात सगळे अडीचच्या खाली आले. अंगदचा तुकडा पाचवर अडकून बसला.

"दादा, तुम्ही जरा खोडाला घासून बघा," वैष्णवी बापाला म्हणाली.

चंदाला मुलगी झाली. पहिले दिवस बाळ त्या अर्ध्या सुती साडीवर निजलं, आणि बारा दिवसांत नर्मदाबाईनं गोधडी शिवली. पंधरा तुकडे, सहा थर, आडवे बारीक धावदोरे, मोठ्या सुईनं. रीतीप्रमाणं एक कोपरा, थरांमधून हात मधापर्यंत जाईल एवढा, न शिवता मोकळा सोडला. तो बारशाला सासूसमोर शिवायचा. शिवण्याआधी तुकडे शिकेकाईत उकळले होते, रिठ्यात भिजवले होते, दोनदा उन्हात टाकले होते. रंग फिके, दिसायला सुरेख. हाताला तर जणू साय. वास मात्र गेला नव्हता. फार नाही, पण डोळे मिटून गोधडी नाकाशी धरली तर समोर दाढी असेल असं वाटायचं.

बारशाला देवगाव फाट्याहून चंदाची सासू केशरबाई आली. सोबत लेक पंडित, चंदाचा नवरा. टेम्पो त्यानंच चालवत आणला होता. केशरबाई उंच, सडसडीत, चष्म्याची दोरी गळ्यात. पाणी घेतलं, बाळाला मांडीवर घेतलं, नाकडोळे कुणाचे हे ठरवलं, बाळ परत दिलं आणि म्हणाली, "आणा गोधडी."

नर्मदाबाईनं गोधडी पसरली. चंदा दाराला टेकून उभी होती, ओठ दातांखाली.

केशरबाईनं बोट फिरवलं. "मऊ हाय." मग वाकून वास घेतला. थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली. उठल्यावर तिनं पिशवीतून एक टॉवेल, एक टोपी आणि दोन खण काढले. त्यांच्याकडं ज्याचा कपडा गोधडीत असेल त्याला बारशाला मान द्यायचा असे.

"ह्यो तुकडा कुणाचा?"

"ह्यांचा," नर्मदाबाईनं अंगदकडं हात केला. अंगदला टॉवेल-टोपी मिळाली.

"ह्यो?"

"हौसाचा."

"हौसा कोण?"

"घरातलीच हाय."

"लगनात दिसली न्हाई."

"दिसली आसंल. मांडवाच्या मागं व्हती."

"बोलवा की मंग. खण देते."

अंगदनं खाकरून घसा साफ केला. वैष्णवीनं खाली पाहिलं. शेवटी नर्मदाबाईनंच परसाकडं तोंड करून हाक मारली, "हौसेऽ". हौसा उंबरा ओलांडून आत आली, सगळ्यांकडं एकदा पाहिलं, गोधडीवर चढली आणि बसली.

पंडितनं खिशातून मोबाइल काढला. आईनं नुसतं पाहिलं, त्यानं परत ठेवला.

"ही?"

"हीच."

"आन् बाकीचे तुकडे?"

"हिच्या भणी हायेत. दोन भाऊ."

केशरबाई चंदाकडं वळली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हतं, आत्याबाई."

"मंग काय म्हणलीस तू?"

"म्हणलं, बाजारच्या परीस बरं."

केशरबाईनं चष्मा लावला आणि हौसाच्या समोर पाटावर बसली. पुढची विचारपूस सोयरीक जमवायच्या वेळेसारखी झाली. अंगदला वाटलं, चंदाच्या वेळी यातलं अर्धंही विचारलं नव्हतं.

"निजती कुठं?"

"ओसरीवर. थंडीत आत."

"कुणाचं ऐकती?"

"कुणाचंच न्हाई."

"ह्यात घरचीच दिसती," केशरबाई म्हणाली. "दुखणंखुपणं?"

"हे रातभर जागतात हिच्यापाशी," नर्मदाबाई म्हणाली. "माझ्या बाळंतपणात घोरत पडले व्हते."

"ती बारी येगळी व्हती," अंगद म्हणाला.

"ह्या घरानं हिचं काय खाल्लंय का?"

नर्मदाबाईनं चंदाकडं पाहिलं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगावं असं काही वाटलंही नव्हतं. "चंदाला माझं दूध पुरलं न्हाई. हिच्या आजीच्या दुधावर वाढली ती."

केशरबाईनं बोटांवर हिशोब केला. "हिच्या आजीचं दूध. मंजी हिची आय चंदाची भण झाली. ही चंदाची भाची. बाळाची मावसभण."

"भाचीच," अंगद लगेच म्हणाला. त्याला पहिल्यांदाच हा घोर फुकटचा वाटला नाही.

"मंग मान द्यावाच लागंल. न्हाई दिला तर उद्या म्हणतेल, केशरबाईनं चंदाच्या सोयऱ्यांला उपाशी बोळवलं. पंडित, जा बाजारात. आणखी धा खण आण. टोप्या दोन."

"टोप्या कुणाला?"

"दोन भाऊ हायेत म्हणल्या ना."

"दुकानदार माप इचारील, माय."

"शिंगं सोडून घे म्हणावं."

पंडित गेला आणि आला. बारा शेळ्यांना हळदीकुंकू लागलं, पाठीवर खण ठेवले गेले. थोरल्या बोकडानं टोपी राखली, धाकट्यानं मान मिळाल्या मिळाल्या खाल्ली. सारजाबाई कुंपणावरून बघत होती. ती काही विचारणार तोच केशरबाई म्हणाली, "या की बाई आत. घरचंच कार्य हाय." सारजाबाई आत आली आणि मुकाट्यानं हौसाच्या शेजारी बसली.

नर्मदाबाईनं सुईत दोरा ओवला. आता फक्त मोकळा कोपरा शिवायचा राहिला होता. केशरबाईनं तिचा हात धरला.

"थांबा, ईनबाई. मान झाला तो तुकड्यांचा. गोधडीचं अजून राहिलंय."

"आता काय राहिलं?"

"गोधडी मी कोण घेणारी? ती बाळानं घ्यायची. बाळानं भिजवली, तर घेतली. ओल वरच्या वर राहिली, तर गोधडी. खाली भुईला लागली, तर ते फडकं. मंग दुकानातलीच आणलेली काय वाईट? आमच्याकडं ह्याच कोपऱ्यातून हात घालून बघतेत."

हौसाला कानाला धरून खाली उतरवलं, गोधडी शेणानं सारवलेल्या भुईवर नीट पसरली, लंगोट काढून बाळाला मधोमध निजवलं आणि सगळे भोवती बसले. बाळ जागं होतं. त्यानं पाय हलवले, सगळ्यांनी पुढं वाकून पाहिलं. जांभई दिली. सगळे मागं टेकले.

"पाजून किती येळ झाला?" केशरबाईनं विचारलं.

"आत्ताच पाजलंय," चंदा म्हणाली.

अंगद उठला, दोन तांबे घेऊन आला आणि बाळाच्या जवळ बसून एका तांब्यातून दुसऱ्यात पाण्याची बारीक धार धरू लागला. शेळ्या पाणी पीत नसल्या की तो हेच करायचा.

"इवाई, ते बंद करा. असं फितवायचं न्हाई."

धार बंद झाली. तेवढ्यात पंडितच उठून बाहेर गेला, कारण धारेचा परिणाम त्याच्यावर झाला होता. सारजाबाईनं हसू आवरायला पदर तोंडाला लावला. नर्मदाबाईच्या मनात सहा थरांतला एकेक थर येऊन जात होता. निळा कुठं विरळ होता, पोपटी कुठं जोडला होता, बोकडानं खाल्लेल्या जागी तिनं अंगदचा तो अजून ताठ तुकडा घातला होता. आणि तो नेमका बाळाच्या खाली आला होता का, हे तिला काही केल्या आठवेना. चंदा बाळाकडं बघत नव्हती. ती मायच्या हातातल्या सुईकडं बघत होती.

बाळाचा चेहरा एकदम गंभीर झाला. ते छताकडं बघत स्थिर राहिलं, आणि गोधडीच्या निळ्या तुकड्यावर एक गडद ठिपका उमटून पसरू लागला. पसरत पसरत तो भाकरीएवढा झाला आणि थांबला.

"झालं," चंदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू गेला असेल.

केशरबाईनं बाळाला उचलून चंदाकडं दिलं. बांगड्या कोपराकडं सारल्या. मग मोकळ्या कोपऱ्यातून हात आत घातला आणि एकेक थर बाजूला करत भिजलेल्या जागेपर्यंत नेला. प्रत्येक थराला ती बोट लावायची, बोट बाहेर काढून उजेडात धरायची, पुसायची, परत आत घालायची. वैष्णवी शेजारी गुडघ्यांवर बसून तिच्याबरोबर मोजत होती.

वरचे तीन थर ओले होते. चौथा दमट. पाचवा कोरडा, सहावा कोरडा.